चमचा त्यांच्या हातात राहू द्या

मुलांना स्वयंपाकघरात घ्या, असं हल्ली सगळेच सांगतात. शाळेतल्या बाई सांगतात, डॉक्टर सांगतात, शेजारच्या आजोबांचंही तेच म्हणणं असतं. पण घ्यायचं कोणत्या दिवशी, कोणत्या पदार्थाला, आणि तो होत असताना आपण नेमकं कुठे असायचं, एवढं मात्र कोणी सांगत नाही. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते तेवढंच.

आपण सहसा पोळीपासून सुरुवात करतो. ओट्याजवळ स्टूल सरकवतो, हातात कणकेची एवढीशी गोळी देतो. ती लाटली जाते, पोळपाटाला चिकटते, पुन्हा मळली जाते, काळपट होते. मग आपण "छान हं" म्हणत ती तव्यावर टाकतो. यात मुलाच्या वाट्याला काय आलं? कणीक आपण भिजवली, तवा आपण तापवला, पोळी आपण उलटली. मूल मधेच पाहुण्यासारखं आलं आणि गेलं. चौथ्या वर्षी त्याचं काही वाटत नाही. सातव्या-आठव्या वर्षी मात्र मुलाला बरोबर कळतं, की हे काम खरं नाही, आपल्याला नुसतं गुंतवून ठेवलंय. तिथून "मला नको, तूच कर" सुरू होतं आणि आपण तक्रार करतो, की याला कशातच रस नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिला पदार्थ मुलाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करता येईल असा निवडा. त्यात गॅस नको, कारण गॅस आला की पाठोपाठ आपण आलोच. धारदार सुरी नको. आणि काही बिघडलं तर ते मुलालाच सावरता यायला हवं. लिंबू सरबत या अटींत बसतं, पण दोन मिनिटांत संपतं, वाट बघायची मजा त्यात नाही. भेळ चांगली, पण कांदा आणि कैरी कोण चिरणार? मला या सगळ्यांत उजवं वाटतं ते गोड डिप. घट्ट, गार, किंचित आंबूस, आणि त्यात फळांच्या फोडी, बिस्किटं नाहीतर घरचे शंकरपाळे बुडवून खायचे.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला आणि तिथे तो क्रीम चीजचा करतात. हे मऊ चीज १८७० च्या दशकात न्यू यॉर्क राज्यातल्या चेस्टर गावचे दुग्धव्यावसायिक विल्यम लॉरेन्स यांनी मोठ्या प्रमाणावर करायला सुरुवात केली. १८८० पासून ते 'फिलाडेल्फिया' नावाने विकलं जाऊ लागलं. गंमत म्हणजे ते त्या शहरात होतच नव्हतं. फिलाडेल्फियाकडच्या दूधदुभत्याचा तेव्हा लौकिक होता, म्हणून नाव तिकडचं घेतलं! आज तिथल्या वाढदिवसाला किंवा चार घरांनी मिळून केलेल्या जेवणाला फळांच्या ताटाच्या मधोमध या डिपचा वाडगा दिसतो. सोपी कृती अशी, की २२६ ग्रॅमची क्रीम चीजची वडी आणि मार्शमेलो क्रीमची एक बरणी एकत्र घोटायची. बस्स.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या मुलांच्या मित्रमंडळींत हे डिप फार चालतं. तिने मला विचारलं होतं, "मावशी, मार्शमेलोत जिलेटीन असतं ना गं? मग आमच्याकडे कसं चालेल?" तिकडच्या बऱ्याच मराठी आयांना हा प्रश्न पडत असणार, म्हणून सांगते. मार्शमेलोच्या गोळ्यांत जिलेटीन असतं. बरणीतल्या क्रीममध्ये सहसा ते नसतं, पण अंड्याचा पांढरा भाग असतो. तुमच्या घरी काय चालतं ते तुम्ही ठरवा आणि बरणीवरची यादी वाचा. खरं सांगायचं तर त्या बरणीवाचून काही अडत नाही. क्रीम चीजची एक वडी, अर्धी वाटी पिठीसाखर, छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स, सैल करायला दोन-तीन मोठे चमचे घट्ट दही, एवढ्यात काम भागतं. एकच पथ्य पाळायचं. चीज फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढायचं, आणि मऊ झालं की आधी ते एकटंच गुळगुळीत होईपर्यंत घोटायचं. मग साखर, आणि पातळ जिन्नस सगळ्यांत शेवटी. गार चीजमधलं स्निग्ध घट्ट असतं. त्यात आधीच पातळ काही ओतलं तर बारीक गाठी होतात, आणि त्या मग कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत.

पण पुण्याच्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या घरात यासाठी क्रीम चीजच्या मागे लागू नका. मिळतं, पण महाग मिळतं. तेवढ्या महागाचं चीज मुलाच्या हातून अर्धं भांड्याला लागलं, थोडं फरशीवर पडलं, की आपला जीव तुटतो. आणि जीव तुटला की आपला हात पुढे जातो आणि चमचा काढून घेतो. जिन्नस स्वस्त असावेत ही या कामातली पहिली अट आहे; सांडलं तर "असू दे" हे आपल्या तोंडून मनापासून निघालं पाहिजे.

आपल्याकडे चक्का आहे. क्रीम चीजपेक्षा तो आंबट असतो आणि त्यात स्निग्ध कमी असतं, पण दोन चमचे ताजी साय घातली की दोन्ही बाबतींत तो त्याच्या जवळ जातो. आणि चक्का करायला गॅसची गरज नाही. म्हणजे सगळं काम मुलाचं.

शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात करा. शाळा संपलेली असते, दुसऱ्या दिवशी घाई नसते. एक किलो सायीच्या दुधाचं दही घ्या, घरचं किंवा डेअरीतलं सुटं. डब्यातलं घेतलंत तर मागची यादी बघा. काही दह्यांत घट्टपणासाठी वेगळं काही घातलेलं असतं, त्यांचं पाणी लवकर सुटत नाही आणि मूल सकाळी उठून हिरमुसतं. पातळ सुती पंचा किंवा मलमलचा तुकडा साबणाचा वास जाईपर्यंत साध्या पाण्यात खळबळून घ्या. दुधाचे पदार्थ वास फार पटकन धरतात. पातेल्यावर चाळणी, चाळणीवर ओलं करून पिळलेलं फडकं, फडक्यात दही. चारी टोकं एकत्र करून गाठ मुलालाच मारू द्या. सैल बसली तर तशीच राहू द्या, चाळणी आहे खाली. आजीच्या काळी ही पुरचुंडी खुंटीला टांगत. थंडीत ते ठीक आहे. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या हवेत रात्रभर टांगलेला चक्का सकाळी इतका आंबतो की मग साखर दुप्पट घालावी लागते. म्हणून वरून झाकण ठेवून सगळं फ्रिजमध्ये.

आणि आता वाट बघायची. मूल झोपेपर्यंत चारदा फ्रिज उघडून बघेल. बघू दे. "सारखा फ्रिज उघडू नकोस" हे वाक्य त्या एका संध्याकाळी गिळून टाका. चाळणी उचलून खाली किती पाणी जमलं ते बघण्यातच या पदार्थाचा अर्धा जीव आहे. पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी दिसलं की विचारणा होणारच, "हे असं का? खराब झालं का?" खराब नाही झालं. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब २ जीवनसत्त्वाचा. "दही एवढं घट्ट होतं, मग पाणी आलं कुठून?" हा दुसरा प्रश्न आणि तो फार चांगला प्रश्न आहे. गाईच्या दुधात शंभरातले ८७ भाग पाणीच असतं, म्हशीच्या दुधात थोडं कमी. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं विणतात, आणि पाणी त्या जाळ्यात अडकून बसतं. फडक्यात ठेवलं की ते हळूहळू सुटतं. एवढं सांगा आणि थांबा. आपली खोड अशी, की मुलाने एक प्रश्न विचारला की आपण पाठ्यपुस्तकाचं प्रकरण उघडतो. पुढच्या वेळी मग मूल प्रश्नच विचारत नाही.

शनिवारी सकाळी पुरचुंडी सोडली की साधारण ३५० ते ४५० ग्रॅम चक्का निघतो. किती निघतो ते दुधाच्या सायीवर आणि किती तास ठेवला त्यावर अवलंबून आहे. मुलाला तो वजनकाट्यावर ठेवायला सांगा. किलोभर आत गेलं आणि निम्म्याहून कमी बाहेर आलं, मग बाकीचं गेलं कुठे, हे पातेल्यातलं पाणी मोजून मूल स्वतःच शोधतं.

आता तुमच्या जागेबद्दल. मुलाला ओट्यापाशी स्टुलावर उभं करू नका. तिथून पडायची भीती आपल्याला असते आणि त्या भीतीने आपण पाठीशी उभे राहतो. त्यापेक्षा जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरा आणि मोठं, जड बुडाचं पातेलं द्या, म्हणजे घोटताना ते सरकणार नाही. मुलाने मांडी घालून बसावं, पातेलं समोर. आणि तुम्ही चार हातांवर बसून मेथीची जुडी निवडायला घ्या. ही मेथी महत्त्वाची आहे. हात मोकळे असले की ते आपोआप दुसऱ्याच्या पातेल्यात जातात. शेंगा सोला, लसूण सोला, काहीही करा, पण हात कामात असू द्या आणि नजर अधूनमधूनच तिकडे जाऊ द्या.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. हे मी जरा ठामपणे सांगते आहे. फोटो काढायला लागलो की मूल पदार्थ करणं थांबवतं आणि पदार्थ करत असल्यासारखं दिसायला लागतं. मग "इकडे बघ, हस, पुन्हा एकदा चमचा फिरव" हे आपण सांगतो, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला ते निसटून जातं. घरच्यांच्या गटावर टाकायचाच असेल तर शेवटी भरलेल्या वाडग्याचा टाका.

कृती अगदी थोडकी. चक्का चमच्याने किंवा हाताने मोडायचा. लाकडी डाव चांगला, मुठीत नीट बसतो. गुठळ्या जात नसतील तर चाळणीतून घासून घ्यायचा. घरात पुरणयंत्र असेल तर ते द्या. त्याचा दांडा फिरवायला मुलं जिवाचं रान करतात. त्यात अर्धी वाटी पिठीसाखर, वजनाने ४५-५० ग्रॅम. पिठीसाखरच का? चक्क्यात पाणी थोडंच उरलेलं असतं, साधी साखर त्यात पटकन विरघळत नाही आणि दाताखाली कचकचते. (श्रीखंडाला जाड साखर घालतात तेव्हा ती चक्क्यात मिसळून काही तास ठेवतात, ते याचसाठी.) दोन मोठे चमचे ताजी साय, कणभर मीठ, आणि वासाला मुलाला हवं ते. व्हॅनिला, वेलदोड्याची पूड, संत्र्याची किसलेली साल, काय घालायचं ते त्याने प्रत्येकाचा वास घेऊन ठरवावं. साखर पडताच चक्का एकदम सैल होतो. साखर त्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळते. मुलांना हे हमखास कोडं वाटतं, कोरडी पूड घातली आणि पातळ कसं झालं? राहू द्या ते कोडं थोडा वेळ. विचारलं तर सांगा.

मोठ्यांनी करायची एकच चलाखी आहे. सुरुवातीला चार-पाच चमचे चक्का वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि त्याबद्दल बोलायचं नाही. साखर जास्त झाली, की मूल तुमच्याकडे बघेल. तेव्हा "सांगितलं होतं ना तुला" न म्हणता ती वाटी पुढे करायची. फार पातळ झालं तर दोन तास गार करायचं, बरंच आवळून येतं. आंबट लागलं तर आणखी साय. आणि पेलाभर दूधच ओतलं गेलं तर? मग ते घुसळून, वर जायफळ किसून पेल्यात ओतायचं. पियूषचा लांबचा भाऊ म्हणून सगळे पितील. चाखून बघणं, काय कमी आहे ते ओळखणं आणि पुन्हा चाखणं, एवढं करायची संधी मुलांना एरवी घरात मिळतच नाही. चव आपण ठरवतो, त्यांना फक्त आवडलं की नाही एवढंच विचारतो. चाखायला दर वेळी नवा चमचा घ्यायचा, हा नियम मात्र आधीच सांगून ठेवा. उष्टा चमचा पातेल्यात गेला की पदार्थ टिकत नाही.

भावंडं असतील तर भांडण होणार. एकाच पातेल्यात दोन डाव घालू नका. एकाकडे पातेलं, दुसऱ्याकडे फळं. पुढच्या वेळी उलट.

फळांविषयी मात्र मी थोडा वेळ घेणार आहे, कारण तिथे खरी काळजी घ्यायची असते. तीन-चार वर्षांचं मूल फळं धुऊ शकतं, द्राक्षं घडावरून काढू शकतं. सहा-सात वर्षांचं मूल लोणी लावायच्या बोथट सुरीने केळं, मऊ चिकू, स्ट्रॉबेरी कापू शकतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात येते, नाशिकची द्राक्षं तिच्या मागोमाग, जळगावची केळी बारा महिने असतात आणि घोलवडचे चिकू मिळाले तर दुसरं काही आणूच नका. सफरचंद-पेरू तुम्ही चिरून द्या. सफरचंदाच्या फोडींवर लिंबू पिळायचं काम मुलाचं, म्हणजे त्या काळ्या पडणार नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल खाणार असेल तर द्राक्षं उभी चिरूनच द्यायची. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत नेमकं अडकतं. अख्खे बदाम-काजूही त्या वयाला नकोत. आणि साखरेऐवजी मध घालायचा विचार असेल, तर वर्षाच्या आतल्या बाळाला ते बोटावर घेऊन चाटवणंसुद्धा वर्ज्य. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असतात, आणि तान्ह्या बाळाचं आतडं त्यांना थोपवू शकत नाही. आजी कितीही म्हणाली की आम्ही सगळ्यांना चाटवला, तरी नाही.

अननस, किवी आणि पपई ही तीन फळं डिपमध्ये बुडवून खा, पण कच्ची कापून त्यात मिसळून ठेवू नका. या फळांमध्ये प्रथिनं तोडणारी विकरं असतात. चक्क्यातल्या प्रथिनांवर ती काम करायला लागतात आणि थोड्या वेळात गोड डिप कडू होतं. तुमचं मूल पाचवी-सहावीत असेल तर मी हे मुद्दाम करून बघायला सांगेन. दोन वाट्यांमध्ये दोन-दोन चमचे डिप काढा, एकीत अननसाचे बारीक तुकडे मिसळा, दुसरीत केळ्याचे, आणि तासाभराने दोन्हींची चव घ्या. मग हवाबंद डब्यातला अननस आणून तिसरी वाटी करा. ती कडू होत नाही, कारण डब्यात भरताना फळ तापवलेलं असतं आणि तापवल्यावर ते विकर मरतं. एका दुपारचं काम आहे.

आणखी एक, आणि हे जरा गंभीर आहे. परदेशी पाककृतींच्या व्हिडिओंमध्ये हल्ली असंच न भाजता करायचं डिप दाखवतात, ज्यात केकचं तयार कोरडं मिश्रण किंवा मैदा तसाच ढवळतात, चव कुकीच्या कच्च्या पिठासारखी यावी म्हणून. ते करू देऊ नका. मैदा दिसायला कोरडा आणि निरुपद्रवी, पण तो कच्चा असतो. शेतातून गिरणीत आणि गिरणीतून पिशवीत येईपर्यंत त्यातले जंतू मारणारं काहीही त्यावर केलेलं नसतं. २०१६ मध्ये अमेरिकेत मैद्यातून ई. कोलायची लागण झाली होती आणि एका मोठ्या कंपनीला बाजारातून माल परत घ्यावा लागला होता. २०२१ मध्ये केकच्या मिश्रणातूनही तशीच लागण झाली. चुलीवर न चढवता करायचा पदार्थ म्हणजे त्यातलं सगळं कच्चं खाण्याजोगं असायला हवं, हा साधा नियम दहा वर्षांच्या मुलाला नीट समजतो. त्याला सांगा, म्हणजे मोठेपणी व्हिडिओ बघून करताना ते त्याच्या लक्षात राहील.

साखरेचा विषय तुम्ही मनात धरून बसलाच असाल. बोलून टाकू. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितलं, की दोन ते अठरा वर्षांच्या मुलांच्या खाण्यात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, आणि दोन वर्षांखाली मुळीच नसावी. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे सहा चमचे. आता हिशेब करा. आपल्या पातेल्यात ५० ग्रॅम साखर आहे आणि एकूण डिप सुमारे ४५० ग्रॅम. दोन मोठे चमचे भरून वाढलं, तर पोटात चहाच्या चमच्याएवढी साखर गेली. त्या मानाने श्रीखंडात चक्क्याच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर असते. शंभर ग्रॅमची एक वाटी म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. पाडव्याला खायचंच, मी स्वतः दोन वाट्या खाते आणि दुपारी झोपते. पण दर शनिवारी नाही. हे डिप दर शनिवारी चालेल. एवढा हिशेब केल्यावर मात्र मुलाच्या तोंडाशी घास जात असताना "पुरे आता, गोड आहे ते" म्हणू नका. स्वतः केलेला पदार्थ पहिल्यांदा खाताना कोणी मोजून द्यायला लागलं, तर त्यापेक्षा न करू दिलेलं बरं. वाढायच्या वाट्या लहान ठेवा, काम झालं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं काय करायचं, हा नाजूक भाग. आजी पातेल्यात डोकावणार आणि म्हणणार, "अगं, हे तर श्रीखंडच! थांब, केशर भिजवून देते, जायफळ किसते, साखर केवढीशी घातलीस!" प्रेमानेच म्हणणार. पण पाच मिनिटांत पातेलं आजीकडे गेलेलं असेल आणि मूल बाजूला बसून बघत असेल. आजीला अडवण्याचं काम मुलाचं नाही, ते तुमचं. माझा उपाय असा, की आजीला आधीच वेगळं काम द्यायचं. "आई, आज तुम्ही फक्त खायला बसा. आणि तुमच्या घरी चक्का कोण बांधायचं, किती जणांचा व्हायचा, ते सांगा तिला." मोठ्या घरांतल्या लग्नकार्यात कोरं धोतर भांड्यावर ताणून बांधत आणि त्यावरून चक्का हाताने फिरवून खाली उतरवत. हे एकदा आजीच्या तोंडून सुरू झालं की दोघीही गुंगतात आणि हात आपापल्या जागी राहतात.

बाबांसाठी वेगळं सांगायला नको होतं, पण सांगते. "मदत करू का?" म्हणून अर्ध्यात येऊन हॅंड ब्लेंडर लावू नका. दहा सेकंदांत होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय चक्का ब्लेंडरने फार घोटला तर पातळ होतो.

खाताना बुडवायला काय ठेवायचं ते मुलावर सोडा. साधी बिस्किटं, मेथीचा खाकरा, खारे शंकरपाळे, गरम पुरी, वाट्टेल ते. माझ्या ओळखीच्या एका घरी ते भाकरीच्या कडक तुकड्यांशी खातात आणि मला ते फार आवडलं. उरलेलं डिप झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. दिवसेंदिवस थोडं आंबट होत जाईल. टेबलावर मात्र दोन तासांहून जास्त उघडं ठेवू नका, आणि मे महिन्यात तासाभरातच आत टाका. पाहुणे गप्पा मारत बसले असतील तर छोट्या वाडग्यात थोडंथोडं काढा.

पातेल्यातलं ते हिरवट पाणी ओतू नका. त्यात दुपारची कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात. किंवा बेसन कालवून कढी करा. पातेली धुणं हा पदार्थाचाच भाग आहे, तेव्हा ते मुलानेच करावं. नीट निघणार नाहीत. रात्री ते झोपल्यावर तुम्ही पुन्हा एक हात फिरवा आणि सकाळी त्याबद्दल अवाक्षर काढू नका.

पुढच्या आठवड्यात एखाद्या दिवशी, बहुधा तुम्ही दमून घरी आल्या-आल्या, पुन्हा विचारणा होईल, "आज करू?" दही नसेल, फडकं धुवायला टाकलेलं असेल. तेव्हा "बघू" म्हणू नका. मुलांना "बघू"चा अर्थ पाठ असतो. वाण्याची यादी आणि पेन त्यांच्याकडे द्या. दही किती हवं, पिठीसाखर उरलीय का, फळं कोणती आणायची, ते त्यांनीच डबे उघडून बघावं आणि लिहावं. 'दही १ किलो' असं वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं दिसलं की शुक्रवारी येताना तेवढं विसरू नका.